आणीबाणीत संसद बंद नव्हती
यवतमाळकडच्या आमच्या गावात, कापसाची गाडी जिनिंगच्या रांगेत लागली की, ‘पेच सुटत नसेल तर सरकारने संसदच बंद ठेवावी, आणीबाणीत ठेवलीच होती’ हे हमखास ऐकू येते. ते खरे नाही. जुलै १९७५ मध्ये संसद भरली, प्रश्नोत्तराचा तास वगळला गेला, आणि अनेक विरोधी खासदार तुरुंगात असताना तिनेच आणीबाणीला मंजुरी दिली; पुढे १९७६ मध्ये ४२वी घटनादुरुस्तीही तिनेच संमत केली. दार उघडे होते, आवाज दाबलेला होता. राज्यघटनेच्या अनुच्छेद ८५ नुसार दोन अधिवेशनांत ६ महिन्यांचे अंतर पडू देता येत नाही. लोकसभा विसर्जित होऊ शकते, राज्यसभा कधीच नाही. शिवाय संसदेच्या मंजुरीवाचून सरकारला तिजोरीतून खर्चासाठी पैसा काढता येत नाही, म्हणजे कुलूप लावणाराच आधी अडतो.