नेपाळ एकपक्षीय देश झाला होता का?

‘नेपाळमधील दोन मोठे कम्युनिस्ट पक्ष एकत्र आले आणि तिथे चीनसारखी एकपक्षीय राजवट सुरू झाली’, असा मजकूर बरीच वर्षे फिरतो आहे. त्यातला पहिला भाग खरा असल्यामुळे दुसराही सहज पटतो.

मे २०१८ मध्ये हे विलीनीकरण झाले, हे खरे. मात्र पक्षांचे विलीनीकरण ही एक गोष्ट आणि इतर पक्षांवर बंदी ही अगदी वेगळी. २०१७ च्या निवडणुकीत दोघांना मिळून २७५ पैकी १७४ जागा मिळाल्या होत्या, म्हणजे स्पष्ट बहुमत होते, पण दोन तृतीयांशासाठी लागणाऱ्या १८४ जागाही नव्हत्या. उरलेल्या बाकांवर इतर पक्षांचेच सदस्य बसत होते. शिवाय २०१५ च्या संविधानाच्या प्रस्तावनेतच बहुपक्षीय स्पर्धात्मक लोकशाहीचा उल्लेख आहे, आणि तो कोणालाही वाचून पाहता येतो.

पुढचे तर फिरत्या मजकुरात कधीच नसते. एकत्रित पक्षाने घेतलेले नाव आधीच दुसऱ्या पक्षाच्या नावे नोंदलेले असल्याने मार्च २०२१ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने या एकत्रित पक्षाची नोंदणी रद्द ठरवली आणि दोन्ही पक्ष पुन्हा वेगळे झाले.