पाठमोरं बाळ आणि नऊ किलोंचा आकडा

१९३०च्या दशकात गाडीत मुलांसाठी मिळणारी बैठक मोठ्यांच्या सीटवर आकड्यांनी अडकवायची असे. मूल उंच बसावं आणि एका जागी राहावं, एवढाच तिचा हेतू. धडकेत मुलाचं काय होईल, हा विचार १९६०च्या दशकात सुरू झाला. अंतराळवीर उड्डाणाच्या वेळी पाठीवर रेललेले असतात, यावरून स्वीडनमधल्या एका संशोधकाला पाठमोऱ्या, म्हणजे बाळाचं तोंड गाडीच्या मागच्या बाजूला राहील अशा, कारसीटची कल्पना सुचली.

तान्ह्या बाळाचं डोकं शरीराच्या लांबीच्या जवळपास पाव हिस्सा असतं आणि मानेचे मणके पुरते हाडाचे झालेले नसतात. पुढे तोंड करून बसवलेलं असताना समोरून धडक बसली की पट्टे छाती धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे झेपावतं आणि सगळा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या सीटमध्ये डोकं, मान आणि पाठ एकदमच सीटच्या पाठीवर टेकतात.

अमेरिकेत १९७८मध्ये एका राज्याने मुलांच्या कारसीटची पहिली सक्ती केली. १९८५पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांत कायदे आले.

खरा गोंधळ पुढचा. युरोपच्या जुन्या नियमात सीटचे गट वजनावर होते: तान्ह्यांची सीट १३ किलोंपर्यंत, पुढे तोंड केलेली ९ किलोंपासून. अमेरिकेतही निदान एक वर्ष आणि नऊ किलो, असा सल्ला असे. हा आकडा म्हणजे खालची मर्यादा होती. घराघरांत मात्र ती मुदत ठरली: नऊ किलो भरले, वळवा सीट! पण काही बाळं आठव्या महिन्यातच नऊ किलोंची होतात. मान आठ महिन्यांचीच असते.

पाठमोरं बसणं कितीतरी पट सुरक्षित असल्याचं सांगणारा एक अमेरिकी अभ्यास २००७मध्ये आला. २०११मध्ये तिथल्या बालरोगतज्ज्ञांनी दोन वर्षांपर्यंत पाठमोरं बसवायला सांगितलं. पुढे आकडेमोडीतल्या चुकांमुळे तो अभ्यास मागे घेतला गेला आणि २०१८च्या सल्ल्यात वयाची अट उरली नाही. अनेकांनी याचा अर्थ सवलत असा लावला. सल्ला उलट होता: सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत पाठमोरंच ठेवा. चुकला होता तो आकडा. मानेची रचना काही बदललेली नव्हती. स्वीडनमध्ये तर चार वर्षांपर्यंत मुलं पाठमोरी बसतात.

२०१३पासूनच्या युरोपीय नियमात सीटची निवड उंचीवर आली आणि १५ महिन्यांपर्यंत पाठमोरं बसवणं बंधनकारक झालं. तरी दीड वर्षाच्या मुलाचे दुमडलेले गुडघे आणि गाडीच्या सीटला टेकलेले तळवे पाहून आई-बाबांचा जीव कळवळतो, आणि बऱ्याचदा त्याच दिवशी सीट वळते.