धर्मगुरूंचा अंत्यविधी व स्मरण (कॅथलिक, ठाणे–नवी मुंबई)

फादर, बिशप किंवा पोप यांच्या निधनानंतर ठाणे व नवी मुंबईतील चर्चमध्ये होणारे विधी, प्रार्थना आणि पुढचे स्मरण. इथले लॅटिन (रोमच्या) परंपरेचे धर्मग्राम, म्हणजे एकेका चर्चभोवतीचे भाविकसमुदाय, मुंबई महाधर्मप्रांतात (आर्चबिशपच्या अखत्यारीतल्या प्रदेशात) मोडतात; रोजच्या बोलण्यात मात्र सगळे ‘पॅरिश’च म्हणतात. केरळी सिरो-मलबार (पूर्वेकडील परंपरेच्या कॅथलिक) कुटुंबांसाठी १९८८ साली कल्याणचा वेगळा धर्मप्रांत झाला. त्यामुळे एकाच शहरात दोन बिशपांची माणसे नांदतात.

लॅटिन परंपरेतला फादर अविवाहित असतो. साहजिकच मयताच्या घरचे कोण, हा प्रश्न पहिल्या तासालाच येतो. भावंडे, भाचे येतात. पण सांत्वनाला आलेला माणूस पॅरिशच्या लोकांचेही हात हातात घेतो, कारण पोरके तेही झालेले असतात. पार्थिवाला मिस्सेचा, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेचा, पोशाख चढवतात. बिशप असल्यास डोक्यावर मायटर ही उंच टोपी, आर्चबिशप असल्यास खांद्यांवर पॅलियम ही लोकरीची पट्टीही. पेटी वेदीसमोर ठेवताना एक फरक पाळतात, आणि तो पटकन लक्षात येत नाही: सामान्य भाविकाचे पाय वेदीकडे असतात, धर्मगुरूचे डोके. म्हणजे शेवटच्या मिस्सेतही त्याचे तोंड लोकांकडेच. शेजारी पास्काची (ईस्टरची) मोठी मेणबत्ती जळत असते. पवित्र पाणी शिंपडून आणि धूप फिरवून निरोप दिला जातो. बाहेर नाक्यावर ‘भावपूर्ण श्रद्धांजली’चा फलक लागतो तो ठाण्याच्या रिवाजानुसार, चर्चच्या विधीशी त्याचा संबंध नाही.

पोप किंवा बिशप गेल्यावर शोकाची खरी खूण ऐकू येते ती रोजच्या मिस्सेत. मुख्य प्रार्थनेत दोघांची नावे घेतली जातात. निधनानंतर ते नाव गळते आणि उत्तराधिकारी येईपर्यंत जागा रिकामी राहते. पोप फ्रान्सिस २१ एप्रिल २०२५ रोजी निवर्तले आणि ८ मे रोजी लिओ चौदावे निवडले गेले. मधल्या सतरा दिवसांत तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चपासून वाशीच्या सेक्रेड हार्टपर्यंत हाच नियम लागू होता. भारत सरकारनेही तीन दिवसांचा राजकीय दुखवटा जाहीर केला होता: २२ व २३ एप्रिल, आणि मग अंत्यविधीचा दिवस, २६ एप्रिल.

ठाण्याला परक्या गावच्या मिशनऱ्यांचा शोक जुनाच आहे. एप्रिल १३२१ मध्ये तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफ्लिसचे दिमित्रियस हे चौघे इथे मारले गेले. त्यांच्यासोबत आलेल्या जोर्डानस या डॉमिनिकन संघाच्या धर्मगुरूने त्यांना सोपाऱ्याला पुरले. काही वर्षांनी ओडोरिक नावाचा फ्रान्सिस्कन संघाचा प्रवासी साधू आला आणि अस्थी उकरून, समुद्रमार्गे, थेट चीनमधल्या झैतूनला (आजचे च्वानचौ) घेऊन गेला. जिथे मरण आले तिथे कबर उरली नाही, असे हे चौघे.

अलीकडच्यांचे स्मरण साधे असते: सातव्या दिवसाची मिस्सा, महिन्याची, मग वर्षाची. २ नोव्हेंबर हा सर्व मृतांचा दिवस. त्याआधी कबरी धुऊन, झेंडू आणि शेवंती वाहून ठेवतात. फादरांच्या कबरीशी मुले-नातवंडे येण्याचा प्रश्नच नसतो, तरी संध्याकाळपर्यंत तिथे मेणबत्त्यांचे मेण साचलेले दिसते. त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतलेली माणसे आपल्या घरच्या कबरीवरून उठून इकडे एक लावून गेलेली असतात.