आरोग्य साहाय्याची अभिनव अर्थसाधने

विकसनशील देशांतील लसीकरण, औषधे व उपचार यांसाठी नेहमीची अनुदाने आणि देणग्या यांपलीकडे जाऊन पैसा उभारण्याच्या पद्धती. पैसा केव्हा हाती येतो आणि काम फसल्यास कोणाचा बुडतो, यावर त्यांचे वेगळेपण ठरते. ऊस आणि दुधाच्या हिशेबावर चालणाऱ्या कोल्हापूर जिल्ह्याला यांतल्या बऱ्याच कल्पना दुसऱ्या नावांनी परिचित आहेत.

सर्वांत सोपी पद्धत म्हणजे मोठ्या उलाढालीवर लहानशी आकारणी. फ्रान्सने २००६ मध्ये ती विमान तिकिटांवर लावली : युरोपातील साध्या तिकिटाला १ युरो, लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासला ४० युरो. त्याच वर्षी स्थापन झालेल्या युनिटएड (Unitaid) या संस्थेला त्यातून एचआयव्ही, क्षय व हिवताप यांवरील औषधांसाठी पैसा मिळू लागला. ऊस गाळपावर प्रतिटन घेतला जाणारा मुख्यमंत्री साहाय्यता निधी याच जातीचा. त्यातून गरीब रुग्णांनाही मदत होते. ही रक्कम कारखान्याच्या नफ्यातून जाते की शेतकऱ्याच्या बिलातून, यावर मात्र २०२५ मध्ये वाद पेटला.

लस रोख्यांचा व्यवहार भिशीचा पहिला नंबर लागावा तसा. ब्रिटन, फ्रान्स आदी देश पुढील अनेक वर्षांत द्यायच्या रकमेची कायदेशीर हमी देतात; तिच्या बळावर रोखे विकून ‘गावी’ या लस संघटनेला पैसा आजच मिळतो. २००६ मधील पहिल्या विक्रीतून १ अब्ज डॉलर उभे राहिले. यात नवा पैसा जन्मत नाही, उलट व्याज जाते; पण गोवर काही हप्त्यांची वाट पाहत नाही.

आगाऊ खरेदी हमीचे तत्त्व एफआरपीसारखे (उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दरासारखे) आहे : दर ठरलेला असला की लागवड होते. न्यूमोनियापासून बचाव करणाऱ्या न्यूमोकोकल लसीसाठी २००९ मध्ये दीड अब्ज डॉलरची अशी हमी उभी राहिली. २०२० मध्ये पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट तिच्या पुरवठादारांत आली.

राजस्थानातील ‘उत्कृष्ट’ रोख्यात खासगी प्रसूतिगृहांचा दर्जा सुधारण्यासाठी यूबीएस ऑप्टिमस फाउंडेशनने आधी भांडवल घातले. निष्पत्ती तपासून, ठरलेली उद्दिष्टे साधली तरच देणगीदारांनी ते फेडायचे, असा करार होता.

सहकाराच्या दृष्टीने कोल्हापूरला सर्वांत जवळचे उदाहरण सीमेपलीकडचे आहे. कर्नाटकात २००३ मध्ये सुरू झालेल्या ‘यशस्विनी’ योजनेत सहकारी संस्थांचे सभासद सुरुवातीला वर्षाला ६० रुपये वर्गणी भरून शस्त्रक्रियांचे संरक्षण मिळवत. ही योजना निव्वळ वर्गणीवर उभी राहिली नाही, सरकारला हात द्यावाच लागला. २०१८ मध्ये ती राज्याच्या आरोग्य योजनेत विलीन झाली आणि २०२२ मध्ये पुन्हा स्वतंत्रपणे सुरू झाली.