मंकी मार्श लॉक: गवताच्या काठाचा वाद

इंग्लंडच्या बर्कशायर परगण्यात, थॅचमजवळ केनेट नदीच्या जलमार्गावर मंकी मार्श लॉक आहे. लॉक म्हणजे दोन दरवाजांमधली पोकळी; तिच्यात पाणी भरून किंवा सोडून बोट वरच्या किंवा खालच्या पातळीवर नेतात. दरवाजे पाहिले तर ते इतर लॉकसारखेच दिसते. वेगळेपण दोन दरवाजांमधल्या काठांत आहे. खालच्या भागाला लाकडाचा आधार, आणि त्याच्या वर दगड नाही, वीट नाही, तिरका मातीचा उतार आणि त्यावर गवत.

रेडिंग ते न्यूबरी नदी नौकानयनाला योग्य करण्याचा कायदा १७१५ साली झाला. रेडिंगच्या व्यापाऱ्यांना तो मुळीच रुचला नाही. पश्चिमेकडचा माल त्यांच्या गावात गाडीतून उतरून थेम्स नदीवरच्या पडावात, म्हणजे मालवाहू होडीत, चढत असे. तो परस्पर न्यूबरीहून निघाला तर धंदा बसणार होता. १७२० मध्ये तिथल्या जमावाने काही बांधकाम उद्ध्वस्त केले. तरीही १७२३ पर्यंत मार्ग खुला झाला. लॉक खूप आणि मोठी हवी होती, कारण इथले पडाव शंभर फुटांहून लांब. तेवढी चिरेबंदी परवडणारी नव्हती. माती मात्र जागेवर मिळत होती.

१८१० मध्ये हा मार्ग कालव्याने थेट ब्रिस्टलपर्यंत जोडला गेला, १८५२ मध्ये रेल्वे कंपनीच्या ताब्यात गेला आणि हळूहळू ओस पडला. १९५० च्या दशकात तो कायमचा बंद करण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा त्याविरुद्धचा हजारो सह्यांचा अर्ज बोटीनेच लंडनला नेण्यात आला. मार्ग वाचला तो लोकांच्या या हट्टामुळे.

खरा पेच नंतरचा. जीर्णोद्धारात प्रत्येक लॉकपाशी तोच प्रश्न होता: गवताचा काठ ठेवायचा की काढायचा? काढण्याच्या बाजूची कारणे लटकी नव्हती. तिरक्या काठांमुळे लॉकची पोकळी वर रुंदावते, म्हणून भरायला पाणी जास्त आणि वेळही जास्त लागतो. माती झिरपते, ढासळते. लॉक भरल्यावर बोट उताराच्या वर तरंगत गेली आणि पाणी उतरू लागले, की ती तिथेच अडकून कलंडू शकते. तिला मध्यभागी धरून ठेवायला आत उभी चौकट लागते. हाच हिशेब करून या मार्गावरची बहुतेक गवती लॉक वेळोवेळी पक्क्या भिंतींची झाली. चालू स्थितीत उरली दोनच: मंकी मार्श आणि पूर्वेला थीलजवळचे गार्स्टन.

ही दोन राखली हे योग्यच झाले. पाण्याच्या उधळपट्टीचा आक्षेप डोंगरमाथ्यावरच्या कालव्यात लागू पडतो, जिथे थेंबन् थेंब वर चढवावा लागतो. इथे मागे वाहती नदी आहे. लॉकमधून गेलेले पाणी पुन्हा केनेटमध्येच मिसळते. दुसरा आक्षेप असा, की लाकूड आणि दरवाजे नवे घातल्यावर जुने उरले काय? पण लाकडी काम पहिल्यापासूनच बदलत आले असणार, पाण्यात लाकूड टिकते किती? जुनी आहे ती रचना: कमी पैशांत मोठा पडाव कसा वर चढवायचा, याचे अठराव्या शतकातल्या माणसांनी काढलेले उत्तर. पक्क्या भिंती बांधल्या असत्या तर ते फक्त नकाशात उरले असते.

ऑगस्ट १९९० मध्ये संपूर्ण कालवा पुन्हा खुला झाल्याचा समारंभ राणी एलिझाबेथ दुसरी यांच्या हस्ते पार पडला. आता लॉकच्या परिसरात रेतीच्या जुन्या खाणींची तळी आणि वेतासारख्या बोरूची दाट बने आहेत, शेजारून रेल्वे धावते. मंकी मार्शला संरक्षित स्मारकाचा दर्जा आहे, त्यामुळे काठाला हात लावायचा तर आधी परवानगी घ्यावी लागते. बोटी मात्र रोजच्यासारख्या जातात, फक्त इथे थोडा जास्त वेळ थांबून.