नेक की एसआयपी? आधी बाळाचं वय विचारा

वेळेआधी जन्मलेल्या, काचेच्या पेटीतल्या आठ-नऊशे ग्रॅमच्या बाळाचं पोट सकाळी मऊ असतं आणि संध्याकाळी टम्म. एक्स-रेत आतड्याबाहेर मोकळी हवा दिसते, म्हणजे आतड्याला कुठेतरी भोक पडलंय. घरचे मोबाइलवर शोधतात आणि त्यांना ‘नेक’ हा शब्द सापडतो. पण भोक म्हणजे नेकच, असं नसतं, ती एसआयपीही असू शकते. त्यांचा गोंधळ समजण्यासारखा आहे. डॉक्टरांच्या नोंदींतही हे दोन आजार बरीच वर्षं एकाच खात्यावर मांडले जात.

नेक, म्हणजे नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस, यात आतड्याचा तुकडाच्या तुकडा सुजतो, काळा पडतो, सडतो. एसआयपी (म्युच्युअल फंडवाली नव्हे, स्पॉन्टेनियस इंटेस्टायनल परफोरेशन) झालेल्या बाळाचं आतडं एरवी ठीकठाक असतं. फक्त एका जागी, बहुधा लहान आतड्याच्या शेवटाजवळ, बारीकसं भोक.

म्हणून मी आधी विचारते, आज बाळाचा कितवा दिवस? एसआयपी बहुतेकदा पहिल्या आठवडा-दहा दिवसांत होते, दुधाचा थेंबही पोटात गेलेला नसला तरी. पोटावर निळसर-काळी झाक येते. नेक मात्र सगळं सुरळीत चाललंय असं वाटत असताना गाठतो. नळीचं दूध दोन-दोन मिलीने वाढतंय, आई जरा निर्धास्त झालीय, आणि दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पोट फुगतं, हिरवी उलटी होते, शीतून रक्त जातं. बाळ जितकं लवकर जन्मलेलं, तितका नेक उशिरा येतो, हे मला आजही चमत्कारिक वाटतं.

जंतूंचा खरा संबंध आहे तो नेकशी. एक्स-रेत आतड्याच्या भिंतीतच फेसासारखे बुडबुडे किंवा काळी रेघ दिसते. जंतूंनी दूध आंबवून केलेला हा वायू. एसआयपीत हे बुडबुडे नसतात. तरी नेकला टायफॉइडसारखा एक ठरावीक जंतू नाही. क्लेब्सिएला, ई. कोलाय यांच्या गोतावळ्याची गर्दी आजाराआधी वाढलेली आढळते, आणि कच्च्या आतड्याचं अस्तर त्यांच्यावर नको इतकं खवळतं. सुरुवातीला गरज नसताना अँटिबायोटिक लांबवली, तरी धोका वाढतो.

आईच्या दुधाने नेकचा धोका घटतो. त्यातल्या काही साखरा बाळाला पचतच नाहीत, त्या बिफिडोबॅक्टेरिया या आतड्यातल्या चांगल्या जंतूंच्या वाट्याच्या असतात. ब्रिटनमधल्या 926 बाळांच्या 1990 च्या अभ्यासात फक्त पावडरच्या दुधावरच्या बाळांत नेक फक्त आईच्या दुधावरच्यांपेक्षा सहा ते दहापट आढळला. आपल्याकडे मुंबईत सायन रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 मध्ये मातृदुग्ध पेढी सुरू केली होती. मग बाटलीतले ‘चांगले जंतू’च पाजा ना, असं आजी हमखास सुचवते. पण तेच जंतू इतक्या कोवळ्या बाळाच्या रक्तात शिरू शकतात. अशा एका मृत्यूनंतर 2023 मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने इशारा दिला होता.

एसआयपीची कथा वेगळी. भोकाच्या जागी आतड्याचा स्नायूंचा थर विरळ असतो. पहिल्या काही दिवसांत इंडोमेथासिन आणि स्टेरॉइड ही औषधं एकत्र पडली तर धोका वाढतो, म्हणून ती जोडी टाळतात.

फरक समजला की उपचाराचा हिशेबही बदलतो. एक किलो किंवा त्याहून कमी वजनाच्या 310 बाळांवरच्या अमेरिकी चाचणीत, नेक वाटत असेल तिथे नुसती नळी घालून पोटातली घाण काढण्यापेक्षा थेट शस्त्रक्रियेचं पारडं जड दिसलं. एसआयपीत तसं दिसलं नाही. अडचण एवढीच की हे ठरवायचं असतं पोट उघडण्याआधी, आणि उघडल्यावर कधीकधी केसपेपरवरचं निदान खोडून दुसरं लिहावं लागतं.