कापड, भांडं आणि कागद: ख्रिसमस पुडिंग साठवण्यामागची पार्श्वभूमी

घरी केलेलं ख्रिसमस पुडिंग, म्हणजे सुकी फळं, साखर, चरबी आणि ब्रँडी घालून शिजवलेला नाताळचा गोड पदार्थ, किती टिकतं असं ब्रिटनमध्ये विचारलं, तर एक महिन्यापासून दोन वर्षांपर्यंत काहीही उत्तर मिळतं. बरेचदा विचारणाऱ्याच्या मनात एक पुडिंग असतं आणि सांगणाऱ्याच्या मनात दुसरं. कापडात उकडलेलं आणि भांड्यात वाफवलेलं, ही दोन पुडिंगं साठवणीच्या दृष्टीने सारखी नाहीत.

कापड आधीचं. सतराव्या शतकात जनावरांच्या आतड्यांऐवजी कापडात पुडिंग बांधायची रीत रुळली. कापड उकळत्या पाण्यातून काढून पिळायचं, आतून मैदा भुरभुरायचा, मिश्रणाची घट्ट पुरचुंडी बांधून कित्येक तास उकडायची आणि मग हुकाला टांगायची. टांगल्यावर कापडातून ओल निघून जाई आणि वर चिवट, कोरडी साल धरे. ती सालच पुडिंगला राखत असे.

एकोणिसाव्या शतकात चिनी मातीचं भांडं घरोघरी आलं. आकार नीट आला, पण ओल आत कोंडू लागली. भांड्यावर मधोमध चुणी घातलेला कागद, त्यावर कापड आणि काठाखाली दोरा. बरणीला दादरा बांधतात तसंच. विसाव्या शतकात कापडाची जागा अ‍ॅल्युमिनियम फॉइलने घेतली. ती ओल आणखी अडवते. शिवाय मनुकांमधलं आम्ल तिला खातं, म्हणून तिच्याखाली ग्रीसप्रूफ, म्हणजे तेल-तूप न शोषणारा कागद हवाच.

खरा वाद इथूनच सुरू होतो: पहिल्या वाफेनंतर (दुसरी वाफ वाढण्याआधी, नाताळच्या दिवशी देतात) हा कागद बदलायचा की नाही? न बदलणाऱ्यांचं म्हणणं असं, की सहा-आठ तासांच्या वाफेत झाकणाखालचं सगळं निर्जंतुक झालेलं असतं. उघडलं की हवेतली बुरशी आत शिरते. हवाबंद बरणीबाबत हे अगदी खरं आहे. पण दोऱ्याने बांधलेला कागद हवाबंद नसतो. भांडं गार होताना आतली हवा आकसते आणि बाहेरची हवा घड्यांमधून आत ओढली जाते. म्हणजे बुरशीचे बीजाणू तसेही पोचतात. त्यांना आत ओला कागद मिळतो की कोरडा, एवढंच आपल्या हातात राहतं. म्हणून बदलणाऱ्यांची बाजू मला बळकट वाटते; मात्र पुडिंग पूर्ण गार झाल्यावरच. कोमट असताना नवा कागद बांधला, तर निघणारी वाफ त्यालाही भिजवते आणि सगळी मेहनत वाया जाते.

ब्रँडीला या कामाचं जरा जास्तच श्रेय मिळतं. बाटलीत ती ४० टक्के अल्कोहोलची असते, पण किलोभर पुडिंगात चार चमचे म्हणजे फार थोडी, आणि त्यातलीही काही वाफेबरोबर उडते. पुडिंग टिकतं ते मुख्यतः साखर आणि सुक्या फळांमुळे, कारण ती पाणी धरून ठेवतात आणि बुरशीच्या वाट्याला येऊ देत नाहीत.

युद्धकाळात हे उलट बाजूने दिसलं. जानेवारी १९४० मध्ये रेशनिंग सुरू झालं, पुढे मनुकाही त्यात आल्या. त्या वर्षांच्या पाककृतींत किसलेलं गाजर आणि बटाटा आला. गाजरात जवळपास ८८ टक्के पाणी! असं पुडिंग महिनोन्महिने ठेवणं शक्यच नव्हतं, ते करून थोड्या दिवसांत संपवावं लागे. साखरेवरचं रेशन सप्टेंबर १९५३ मध्ये उठलं, चरबीवरचं मे १९५४ मध्ये. चौदा वर्षांत साठवणीची सवय बऱ्याच घरांतून गेली असावी, आणि आजची परस्परविरोधी उत्तरं थोडीफार तिथूनच आली असावीत.

इतर दोन बदलांनीही गुंता वाढवला. ज्याला सापडेल तो नशीबवान, असं मानून पुडिंगात घालायचं सहा पेन्सचं नाणं १९१९ पर्यंत ९२.५ टक्के चांदीचं होतं. १९४७ पासून ते तांबं-निकेलचं झालं. असं नाणं महिनाभर आत ठेवू नये, वाढताना खोचावं. दुसरा बदल घराचा. उत्तरेकडची थंड कोठीची खोली गेली आणि सेंट्रल हीटिंग आलं. अ‍ॅडव्हेंटच्या (नाताळच्या तयारीचे सुमारे चार आठवडे) आधीच्या रविवारी, म्हणजे २० ते २६ नोव्हेंबरच्या दरम्यान केलेलं पुडिंग महिनाभर ‘थंड, अंधाऱ्या जागी’ ठेवा, हा सल्ला छापला जातो. पण ऐन हिवाळ्यातही उबदार राहणाऱ्या फ्लॅटमध्ये अशी जागा सहज सापडत नाही. जमिनीलगतचं, बाहेरच्या भिंतीला टेकलेलं कपाट त्यातल्या त्यात बरं.

ऑस्ट्रेलियात कापडाची रीत अजून जिवंत आहे, मात्र तिथला डिसेंबर ऐन उन्हाळ्यातला. क्वीन्सलँडच्या दमट हवेत टांगलेल्या पुडिंगवर बुरशी धरते, म्हणून तिथे ते एकदा वाळलं की कापडासकट फ्रिजमध्ये जातं.